खाडा

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातील एका सकाळी, सव्वासहाच्या सुमारास, दूधवाल्याची मोटारसायकल नेहमीप्रमाणे फाटकाशी थांबली आणि मी पातेले घेऊन बाहेर गेले. त्या दिवसांत साताऱ्यात पहाटे चांगलाच गारठा असतो. अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरचा लाल दिवा धुक्यात पुसट दिसत होता. त्याने दीड लिटर दूध मोजून घातले, वर नेहमीची थोडी धार सोडली आणि कॅनचे झाकण लावता लावता विचारले, "बाई, फेब्रुवारीत निघणार म्हणे तुम्ही. मग खाडा किती दिवसांचा धरू?" मी म्हणाले, "अजून नक्की नाही रे." तो क्षणभर थांबला. "मग रतीबच बंद करायचा का? तसं असलं तर आधी सांगा. वरच्या आळीतली तीन घरं दुधासाठी थांबल्यात, त्यांना शब्द देता येईल." हा माझा एके काळचा विद्यार्थी, आठवी 'ब'मधला. कोंडव्याहून रोज दूध घेऊन येतो आणि अजून मला बाईच म्हणतो. त्याच्या विचारण्यात कसलाही आडपडदा नव्हता. त्याच्या धंद्याला तारीख हवी होती, एवढेच. पण मी पातेले घेऊन आत आले, ते ओट्यावर ठेवले आणि गॅस पेटवायचे विसरून बराच वेळ तशीच उभी राहिले.

त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय फ्रिजच्या बाजूला टांगलेले असते आणि दुधाचे खाडे मी त्याच्यावर पेन्सिलीने फुली मारून नोंदवते. एकतीस वर्षे हा क्रम चालू आहे. गावाला गेलो की दोन फुल्या, लग्नाकार्यासाठी चार, सासूबाई गेल्या त्या महिन्यात मात्र फुल्यांऐवजी वाढीव दुधाचे आकडे. महिनाअखेरीस त्याची वही आणि माझे कॅलेंडर समोरासमोर येते आणि आमच्यात एका दिवसाचाही फरक पडत नाही. मधे सतरा महिने मात्र या भिंतीवर कोणी काही लिहिले नाही. जुलै २०२२ मध्ये आम्ही मुलाकडे अमेरिकेत एडिसनला गेलो आणि जानेवारी २०२४ मध्ये परतलो, तेव्हा भिंतीवर जुलै २०२२ चेच पान होते. कडा आत वळलेल्या, मागच्या बाजूला कोळ्याचे जाळे, आणि आम्ही निघालो त्या तारखेवर माझ्याच हातची एक फुली. पुढच्या तारखांवर फुल्या नव्हत्या, कारण मारायला मी नव्हते. घर उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी तो फाटकाशी आला आणि मी काही बोलण्याआधी म्हणाला, "दीड लिटरच ना, बाई?" त्या प्रश्नाने मला किती हलके वाटले होते, ते मी यांनाही सांगितले नव्हते.

कागदपत्रांची बाजू थोडक्यात सांगते, कारण ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांना ती पाठ असते. मुलगा २०२० मध्ये तिथला नागरिक झाला, त्याने आमच्यासाठी अर्ज केला, मुंबईत मुलाखत झाली, तिथे कायम राहण्याचे ग्रीन कार्ड मिळाले. ते कार्ड ज्याच्याजवळ आहे त्याने तिथे राहायचे असते. वर्षभराहून अधिक काळ बाहेर राहायचे असेल तर आधीच, तिथे असताना, पुनर्प्रवेशाच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. तो आम्ही केला होता, बोटांचे ठसे देऊन मगच निघालो होतो. परवाना दोन वर्षांचा असतो. आमचा येत्या मार्चमध्ये संपतो. म्हणजे मार्चच्या आत जायचे आणि मग तिथेच राहायचे, किंवा कार्ड परत करायचे. कार्ड परत करण्याचा अर्ज आय-४०७ नावाचा आहे. तो मी छापून आणला आहे. दोनच पानांचा आहे, आणि तो भरायला सुरुवात करून मी तीनदा पेन खाली ठेवले आहे.

पैशांचे गणितही सोपे नव्हते. कार्ड आहे तोवर इथल्या उत्पन्नाचाही हिशेब तिकडे द्यावा लागतो. अमेरिकेबाहेरच्या सर्व खात्यांतील शिल्लक मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, की प्रत्येक खात्याची माहिती कळवावी लागते. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. कालव्याच्या प्रत्येक वितरिकेचा विसर्ग जिभेवर असणारा माणूस. तरीही दर मार्चमध्ये पलंगावर पासबुके, मुदत ठेवींच्या पावत्या आणि पोस्टातील कागद मांडून बसलेले यांना पाहिले की मला वाईट वाटायचे. आयुष्यभर पै पै करून, एकही व्यवहार न लपवता जमवलेले पैसे. ते दुसऱ्या देशाला समजावून सांगताना यांची मान अपराध्यासारखी खाली जायची. पीपीएफचे व्याज इथे करमुक्त, तिथे नाही, हे मुलाने समजावले त्या रात्री हे जेवताना एक शब्दही बोलले नाहीत. आजारपणाचे वेगळेच. वयाची ६५ वर्षे पूर्ण झाल्यावरही तिथला सरकारी आरोग्य विमा, मेडिकेअर, आम्हाला घेता येण्यासाठी सलग ५ वर्षे तिथे राहणे आवश्यक, आणि दहाएक वर्षे तिथे नोकरी केलेली नसल्याने रुग्णालयाच्या भागासाठी दरमहा हप्ता भरायचा तो वेगळाच. आमचे 'सलग' तर केव्हाच तुटले. तोपर्यंत खासगी विमा, आणि त्याचा हप्ता मुलाच्या खात्यातून. सुनेने सगळे पर्याय बसून तपासले होते, एक तक्ता करून दिला होता. त्या तक्त्यात तिची माया मला दिसत होती. आकड्यांकडे मात्र बघवत नव्हते.

एडिसनबद्दल मी तक्रार करावी असे तिथे काहीही नव्हते, आणि हे मला स्पष्ट लिहायचे आहे, कारण परत आलेल्या माणसांकडून लोकांना तक्रारीच ऐकायच्या असतात. मुलाने खालच्या मजल्यावरची उन्हाची खोली आम्हाला दिली होती. ओक ट्री रोडवर कोथिंबिरीपासून कोकमापर्यंत सगळे मिळते. हिवाळ्यात जमिनीतल्या जाळीतून उबदार हवा येई, त्या जाळीशेजारी मी खुर्ची ओढून बसत असे आणि बाहेर बर्फ पडताना इतकी शांतता होई की भिंतीवरचे घड्याळ ऐकू यावे. पण एकदा माझ्या साडीचा काठ उसवला. मी मुलाला म्हटले, दुकानाशी नेशील तेव्हा पांढऱ्या दोऱ्याचे एक रीळ घेऊ. तो म्हणाला, "दुकानात कशाला, आई?" आणि दुसऱ्या दिवशी दाराशी खोके आले: चोवीस रंगांची चोवीस रिळे, सुयांचे पाकीट, कात्री, टेप. त्याने किती तत्परतेने केले! मी काठ शिवला, त्याला दाखवला, तोही खूश झाला. पण मला दुकानात जायचे होते. काउंटरवर साडीचा पदर ठेवून दोन पांढऱ्यांतला कोणता जुळतो ते पाहायचे होते, दुकानदाराशी एक रुपयावरून बोलायचे होते, उरलेले सुटे पैसे रुमालात बांधून चालत घरी यायचे होते. मुलाला हे कसे सांगणार? सांगितले असते तर त्याने शनिवारी सगळी कामे बाजूला ठेवून मला दुकानात नेले असते, आणि गाडीत वाट बघत बसला असता.

तिथले दूध मोठ्या प्लास्टिकच्या बरण्यांतून येते. चांगले असते, पण कितीही तापवा, त्याच्यावर साय म्हणावी अशी धरत नाही. सुरुवातीला मी हट्टाने रोज तापवून ठेवत असे आणि सकाळी चमचा घेऊन बघत असे. पुढे ते सोडून दिले.

आणि तरीही तिथे एक जागा होती, जिथे मी कोणाला विचारून काही करत नव्हते. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा अमेरिकेतल्या कितीतरी गावांत भरतात. नातीच्या शाळेत दर रविवारी सकाळी तिला सोडायला जाता जाता मी एकदा वर्गात बसले आणि शिकवणाऱ्या मुलीने फळा माझ्या हाती दिला. समोर बारा मुले. 'ळ' त्यांच्या जिभेवर येतच नव्हता. 'बाल', 'काला', 'फला'. मी त्यांना जीभ टाळ्याला कशी दुमडायची ते दाखवले, गालावर बोट ठेवून हवा कुठून जाते ते चाचपायला लावले, आणि मग सगळ्यांना एकदम म्हणायला सांगितले: काळा कावळा फळावर बसला. तिसऱ्या रविवारी नात घरी येताना गाडीत मागच्या सीटवर एकटीच पुटपुटत होती, "फळ. फळ. आजी, फळ." तिचा तो 'ळ' मी ऐकला, तेव्हा छत्तीस वर्षांच्या नोकरीत जे मिळाले नव्हते ते काहीतरी मिळाल्यासारखे वाटले. ती आता नऊ वर्षांची आहे. फोनवर तिचा 'ळ' पुन्हा थोडा 'ल'कडे सरकू लागला आहे. मी दुरुस्त करते, ती म्हणते "हो आजी", पण फोनवरून कोणाच्या गालावर बोट ठेवता येत नाही.

परत आल्याला सहा महिने झाले होते, तेव्हाची रात्र. जुलै २०२४. सहा दिवस पाऊस थांबला नव्हता, वीज गेलेली, आणि दोनच्या सुमारास हे उठून बसले आणि म्हणाले, "अगं, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतंय." मी शेजाऱ्यांचे दार वाजवले. त्यांचा मुलगा बनियनवरच आला, त्याने गाडी काढली, आणि सहा-सात मिनिटांत आम्ही गावातल्या रुग्णालयात होतो. तिथून पहाटे रुग्णवाहिकेने पुण्याला. ११० किलोमीटर, काचेवर पावसाचे फटके, आणि माझ्या हातात फोन. पलीकडे मुलगा. त्याच्याकडे संध्याकाळ होती, तो ऑफिसच्या गाडीतळावर गाडीत बसून होता आणि संपूर्ण रस्ता त्याने फोन ठेवला नाही. नाडी किती, ऑक्सिजन किती, डॉक्टर काय म्हणतात. मी मशीनवरचे आकडे वाचून दाखवत होते. खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो आणि फोन तुटला. बोगदा फार लांब नाही. पण त्या वेळात मी यांचा पाय धरून बसले होते आणि माझ्या मनात यांच्याइतकाच मुलगाही होता, तिकडे बंद गाडीत, कानाला मुका फोन लावून बसलेला. बाहेर आलो, फोन पुन्हा लागला, आणि पहिले शब्द ऐकू आले ते "आई? आई? आई?" असे, न थांबता. त्याने किती वेळा हाक मारली असेल कोण जाणे.

दोन स्टेंट बसले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा पोहोचला, तो थेट विमानतळावरून, पाठीवर पिशवी तशीच. अतिदक्षता विभागाबाहेर माझ्याजवळ बसून तो म्हणाला, "मी पंधरा मिनिटांवर असायला हवं होतं, आई." मी त्याला पाण्याची बाटली दिली. दुसरे काय देणार होते?

ती रात्र या निर्णयातून वजा करता येत नाही. जो कोणी म्हणेल की आपल्या माणसांत, आपल्या गावात म्हातारपण सुरक्षित असते, त्याला मी त्या बोगद्यात बसवीन. शेजाऱ्यांचा तो मुलगा सध्या जर्मन शिकतो आहे. जिन्यातून त्याचे पाठांतर ऐकू येते. तो जाईल आणि त्याने जावेच. पुढच्या वेळी दार वाजवले तर बनियनवर धावत येणारे कोणी असेलच, अशी खात्री मला साताऱ्यातही नाही. यांचे मत तर उघडच होते: तिकडेच राहावे. "माझ्यामुळे त्याने पुन्हा ते विमान पकडायला नको," असे हे म्हणत. यावर मी वाद घातला नाही, कारण वाद घालण्यासारखे त्यात काही नव्हते.

माझे धाकटे दीर अडतीस वर्षे न्यू जर्सीत आहेत, आणि त्यांची इच्छा आमच्या नेमकी उलट आहे. त्यांना साताऱ्याला परतायचे आहे. सोशल सिक्युरिटीची, म्हणजे तिथल्या सरकारी निवृत्तिवेतनाची, रक्कम त्यांना इथेही मिळेल, पण मेडिकेअर समुद्र ओलांडत नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर ते हवे तितके दिवस इथे राहू शकतात. पण मत देता येत नाही, आणि सज्जनगडाच्या वाटेवर एखादा एकर शेतजमीन घेऊन आंब्याची चार झाडे लावायचे त्यांचे जे स्वप्न होते, तेही कायद्यात बसत नाही. दर वर्षी जानेवारीत येतात, तीन आठवडे राहतात, मोती चौकात उभे राहून दुकानांच्या पाट्या वाचतात. गेल्या वर्षी जाताना म्हणाले, "वहिनी, तुम्ही तरी चूक करू नका." मी विचारले, "कोणती?" ते काही बोलले नाहीत. मला वाटते, त्यांनाही ते माहीत नव्हते.

माझा कौल हळूहळू कुठे झुकला असेल, तर तो बँकेत. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी आम्ही दोघेही जातो. हल्ली मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, एडिसनहून मुलाने एकदा आमच्यासाठी ते सगळे करून दिले होते. पण इथे असलो की मला ती यादी हाताने सही करायला आवडते. कोषागाराकडून आलेली लांबलचक यादी, लाकडी टेबलावर पसरलेली, दोरीने बांधलेले पेन. नावांसमोर सह्या: काहींच्या थरथरत्या, काही अंगठे. आपले नाव शोधताना वरची-खालची नावे वाचली जातातच. या नोव्हेंबरमध्ये माझ्या नावाच्या वर तीन ओळी माझ्याबरोबर वीस वर्षे एका स्टाफरूममध्ये बसलेल्या बाईंचे नाव होते आणि समोरचा रकाना कोरा होता. तारीख २८ होती. मी लिपिकाला विचारले, त्यालाही माहीत नव्हते. तिथून मी घरी आलेच नाही. रिक्षा करून थेट त्यांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडले, कंबरेला पट्टा बांधलेला. पडल्या होत्या, आणि मुलगी बंगळुरूहून शनिवारी येऊन नेणार होती. शनिवार २९ तारखेला होता. मी म्हटले, "बाई, शनिवारी जमलं नाही तर रविवारी बँक बंद, आणि तीस तारीख तीच." आम्ही दोघी त्याच रिक्षाने बँकेत गेलो. लिपिकाने यादी टेबलाच्या कडेपर्यंत ओढून आणली, त्यांनी बसल्या बसल्या सही केली. परतताना राजवाड्यापाशी आम्ही दोन-दोन कंदी पेढे खाल्ले, आणि त्यांनी पैसे मला देऊ दिले नाहीत.

एडिसनमध्ये माझी कोणी चौकशी करणार नाही असे नाही. तिथे तर मला शिंक आली तरी तिघे विचारतात. पण कोणाच्या तरी कोऱ्या रकान्याची मी चौकशी करावी, रिक्षा थांबवावी, आणि संध्याकाळपर्यंत ते काम पुरे व्हावे, असे तिथे घडले नाही. मराठी शाळेतल्या बारा मुलांपुरते घडले, आणि ते मला खरोखर सोडवत नाही. यांना आजारातून घरी आणले त्या दिवशीचीही आठवण आहे. नऊ दिवसांनी आम्ही पुण्याहून परतलो. दुधाचे कोणालाच काही सांगायला सुचले नव्हते. महिनाअखेरीस दूधवाल्याने वही उघडली, तर नऊ फुल्या आधीच मारलेल्या होत्या. म्हणाला, "कुलूप दिसलं, तेव्हाच मांडल्या. पहिल्या दिवशी दूध घेऊन दहा मिनिटं थांबलो होतो."

हे मी यांना सांगितले, अगदी आत्ता, डिसेंबरमध्ये, त्या सकाळी पातेले ओट्यावर ठेवल्यानंतर. हे बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "आणि बोगद्याचं काय?" मी म्हणाले, "बोगदा आहेच." त्यानंतर आम्ही आठ दिवस बोललो, जेवताना, फिरताना, एकदा रात्री अंधारात पडल्या पडल्या. यांनी पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे तपासणी दर तीन महिन्यांनी करायचे मान्य करून घेतले. मी इथल्या घरातली खालच्या मजल्यावरची खोली एखाद्या शिकणाऱ्या मुलाला राहायला द्यायचे मान्य केले, जे मी आजवर टाळत आले होते. हे पूर्ण राजी झालेले नाहीत. माझ्यासाठी थांबत आहेत, आणि ते ओझे माझ्यावर राहील, हे मला कळते.

मुलाला रविवारी फोन केला. फेब्रुवारीअखेर येतो, परवाना संपण्याच्या आत. नातीची शाळा सुटेपर्यंत राहतो, आणि जूनमध्ये इकडे परतलो की कार्डे परत करतो. पुढे व्हिसा मिळेल तसे येत राहू. तो इतका वेळ गप्प राहिला की मला पुन्हा तो बोगदा आठवला. मग म्हणाला, "तुझी उन्हाची खोली मी दुसऱ्या कशाला वापरणार नाही हं, आई." पाठोपाठ नातीने फोन घेतला आणि विचारले, "आजी, म्हणजे तू उन्हाळ्यात असणार?" 'उन्हाळ्यात' तिने अगदी स्वच्छ म्हटले. मी फोन यांच्याकडे दिला आणि आत गेले.

आज सकाळी दुधाची मोटारसायकल थांबली, तेव्हा मी पातेल्याबरोबर पेन्सिलही घेऊन गेले होते. म्हटले, "खाडाच मांड. २३ फेब्रुवारी ते २५ जून." त्याने सॅडलच्या खणातून वही काढली, बोटांवर महिने मोजले, तारखा लिहिल्या आणि परत मला वाचून दाखवल्या. "चार महिने होतात, बाई." म्हटले, "होतात. वरच्या आळीला शब्द देऊ नको." त्याने मान हलवली, दीड लिटर घातले, वर धार सोडली. गाडीला किक मारता मारता त्याला काहीतरी आठवले. "जुलैत आमची थोरली म्हैस विणार. तुम्हाला खरवसाला चीक बाजूला काढू का?"

"दोन तांबे काढ," मी म्हणाले.